मागचा ब्रेक नट कसून-कसूनही लागत नाही? पत्रा टाकायच्या आधी हे पाहून घ्या

हे मागच्या ड्रम ब्रेकबद्दल आहे (चाकाच्या मधल्या गोल डब्यात, म्हणजे ड्रममध्ये, बसणारा ब्रेक), म्हणजे स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, सीटी, शाइन असल्या गाड्या, ज्या आपल्या इकडे वावरात, बजारात, शाळेत, दवाखान्यात सगळीकडे चालतात. गावातल्या अन् पाहुण्या-रावळ्यांच्या गाड्या माझ्याकडे येत राहतात अन् त्यातली सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, "भाऊ, नट पुरा कसला तरी ब्रेक नाही लागून राहिला." उघडलं की आत बहुतेक वेळा त्याच त्या गोष्टी निघतात, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतो. आधी फुकटात पाहायच्या गोष्टी, मग थोडं ग्रीस-राकेल लागणाऱ्या, अन् चाक काढायचं काम सगळ्यात शेवटी. एकदम चाक काढायला धावू नका, कितीतरी गाड्यांत त्याची गरजच पडत नाही.

लक्षणं

तुमच्या गाडीत यातलं नेमकं काय होते ते आधी ओळखा, कारण पुढं कुठं पाहायचं ते त्यावरूनच ठरते.

- पेडल पार खाली जाते तेव्हा कुठं ब्रेक धरते. नट कसला की दोन-चार दिवस बरं वाटते, परत तेच.
- नटाच्या मागं दांड्याचे (पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणारा लोखंडी दांडा, त्याच्या टोकावरच हा नट असते) आटे लांबच लांब बाहेर आलेले दिसतात, किंवा कसायला आटेच उरले नाहीत.
- ब्रेक दाबला की चिंऽऽ असा बारीक आवाज. सकाळी पहिल्या फेरीत येऊन मग बंद होत असेल तर ओल किंवा गंज, दिवसभर येत असेल तर आत पाहावं लागेल.
- खर्र-खर्र, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. असा आवाज येत असताना गाडी चालवू नका. लायनर (शूवरचा घासणारा थर) संपलं, शूचं (ड्रमला आतून दाबणारे दोन अर्धगोल तुकडे म्हणजे शू) अंग ड्रमला घासून राहिलं.
- पेडल सोडलं तरी वर येत नाही किंवा हळूहळू येते, गाडी ओढल्यासारखी वाटते, अॅव्हरेज पडते, मागचा लाल लाइट जळतच राहते.
- ब्रेक लावला की पेडल पायाखाली धकधक करते.
- नाल्यातून किंवा धुवून काढल्यावर काही वेळ ब्रेकच नाही.
- आपोआप चाक जाम झालं अन् ढकलल्याशिवाय सुटलं नाही.

शेवटचं लक्षण एकदा जरी दिसलं असेल तर बाकीचं वाचायच्या आधी गाडी उभी करा. रस्त्यात असाल तर ब्रेकच्या दांड्याचा मागचा नट चाक मोकळं होईपर्यंत ढिला करा अन् फक्त पुढच्या ब्रेकवर, मागं कोणाला न बसवता, हळूहळू घरी आणा. नट ढिला करूनही चाक सुटत नसेल तर गाडी ओढू नका, छोट्या टेम्पोत टाका.

नट कसल्यानं आत काय होते

हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. पेडल दाबलं की दांडा ओढल्या जाते, दांडा बाहेरच्या आर्मला, म्हणजे चाकाजवळच्या छोट्या पट्टीला, फिरवते अन् आर्मसोबत आतला कॅम फिरते. कॅम चपटा असते, तो वळला की दोन्ही शू फाकतात अन् ड्रमला आतून दाबतात. पेडल सोडलं की शूच्या दोन स्प्रिंगा त्यांना परत जवळ ओढतात. शू नवे असताना कॅमला थोडंसंच फिरावं लागते. लायनर झिजत जाते तसं कॅमला जास्त जास्त फिरावं लागते. नट कसून आपण एवढंच करतो की कॅमला आधीच थोडं फिरवून ठेवतो, म्हणजे पेडल वर लागते. झिजलेलं लायनर काही भरून येत नाही.

असं कसत कसत एक हद्द येते. आर्म अन् दांडा यांच्यातला काटकोन ओलांडून जाते, मग पाय कितीही जोरात दिला तरी ताकद शूपर्यंत पोचत नाही. अन् कॅम जवळजवळ पूर्ण वळलेला असला तर तो तसाच अडकून बसू शकते, परत येतच नाही. चालत्या गाडीत, मागं बाई-लेकरू बसलेलं असताना चाक असं जाम झालं तर गाडी सावरता येत नाही. मी या विषयावर एवढं बोलतो ते यासाठीच.

अन् त्यात हे दोन जुगाड. एक, आर्म काढून कॅमच्या दांड्यावर एक-दोन दात मागं बसवायचं, म्हणजे परत कसायला आटे मिळतात. दुसरा, शू अन् कॅमच्या मध्ये पत्र्याचा तुकडा सारायचा. दोन्हीत झिजलेलं लायनर झिजलेलंच राहते, फक्त ते दिसायचं बंद होते. कापूस वेचणीच्या दिवसांत एक गाडी आली होती, मागं गाठोडं तसंच बांधलेलं, चाक हातानं फिरवलं तर एका जागी येऊन थांबायचं. उघडून पाहतो तर पत्रा मधोमध चिरलेला, त्याची एक धार बाहेर वाकून ड्रमला लागलेली अन् ड्रमच्या आत नख अडकेल अशी गोल खाच पडलेली. शूचे पैसे वाचवायला गेले अन् हब (चाकाचा मधला भाग, त्याच्यातच ड्रम असते) बदलावा लागला. तारांच्या चाकात निदान हब एकटा बदलता येते, अलॉयच्या चाकात ड्रम चाकाच्या अंगातच असते, तिथं तर पुरं चाकच घ्यावं लागते.

पहिलं: वाळवून पाहा

पावसाळ्यात कोणी सांगितलं ब्रेक गेला, तर मी आधी विचारतो, आत्ता पाण्यातून आणली का? ड्रममध्ये पाणी शिरलं की लायनर अन् ड्रमच्या मध्ये पाण्याचा थर राहते अन् शू घसरतो. मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू गाडी चालवत पेडल थोडंथोडं दाबत राहा, घासण्याच्या गरमीनं पाणी उडून जाते. ब्रेक परत आला अन् टिकला तर काही खोलायची गरज नाही. हे काम नाला ओलांडल्या-ओलांडल्या करायचं, समोर बैलबंडी आडवी आल्यावर नाही.

पण आपली काळी माती वेगळी आहे. पांदण रस्त्यानं पावसाळाभर गाडी गेली की बारीक चिखल ब्रेक प्लेटच्या (ड्रमचं झाकण, ज्यावर शू बसतात) फटीतून आत जाते, लायनरच्या काळ्या भुकटीत मिसळून वाळते अन् कडक होऊन बसते. उघडल्यावर कॅमच्या भोवती ही काळी खपली स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावी लागते. म्हणून वाळवल्यावर ब्रेक आला पण खरखर राहिली तर पुढं चला.

दुसरं: बाण पाहा, एक रुपयाही लागत नाही

ब्रेक प्लेटवर, आर्मच्या बुडाशी, एक छोटा बाण असते अन् प्लेटवर एक खूण. चिखल पुसून काढा, नाहीतर दिसणार नाही. कोणाला तरी पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा अन् बाण कुठं येते ते पाहा. खुणेच्या अलीकडे असला तर लायनर शिल्लक आहे. खुणेवर किंवा पलीकडे गेला तर शू संपले, आता कसाकशी बंद, नवे शू आणायची तयारी करा.

एकच गोष्ट, आधी कोणी आर्मचे दात बदलून बसवलं असेल तर या बाणाचा भरवसा नाही. कॅमच्या दांड्यावर अन् आर्मवर सहसा एकेक ठोकलेला ठिपका असते, ते दोन्ही समोरासमोर असले पाहिजेत. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हे नक्की पाहा.

तिसरं: पेडलची मोकळी चाल अन् नट

पेडल हातानं दाबा. ब्रेक धरायला लागेपर्यंत पेडलचं टोक २० ते ३० मिलिमीटर खाली गेलं पाहिजे, या गाड्यांत साधारण एवढंच सांगितलेलं असते, तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा तेवढा जुळवून घ्या. जास्त असेल तर नट कसा, कमी असेल तर ढिला करा. लोकं ब्रेक कडक लागावा म्हणून मोकळी चाल ठेवतच नाहीत. मग शू कायम ड्रमला टेकून राहतात, हब तापते, लायनर वरून काचेसारखं चकाकते अन् अशा लायनरची पकडच जाते. म्हणजे ब्रेक चांगला व्हावा म्हणून कसला अन् त्यानंच गेला.

नटाची एक बाजू अर्धगोल खोलगट असते अन् ती आर्ममधल्या गोल पिनेवर बसते. नट फिरवताना दर अर्ध्या फेऱ्याला ती खाच पिनेवर कट्टकन बसते. तशी बसलेली ठेवा. अर्धवट चढलेली राहिली तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला ती खाली बसेल अन् तुमची चाल एकदम वाढेल. नंतर दोन माणसं बसवून, किंवा मागं सोयाबीनचा कट्टा ठेवून परत चाल पाहा, कारण वजनानं मागचा भाग दबला की दांड्याचं अंतर बदलू शकते अन् रिकाम्या गाडीला बरोबर वाटणारा ब्रेक भरल्यावर टेकू शकते.

अन् चाल बदलली की मागच्या लाइटचा स्विचही पाहा. पेडलजवळ स्प्रिंगवाला स्विच असते, त्याचा नट वर-खाली करून लाइट ब्रेक धरायच्या थोडा आधी लागेल असा ठेवा.

२०१९ च्या एप्रिलनंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत बहुतेक दोन्ही ब्रेक जोडलेले असतात, म्हणजे मागचं पेडल दाबलं की पुढचाही थोडा लागते. या गाड्यांत मागची चाल बदलली की पुढच्या ब्रेकच्या वायरचं गणितही बदलू शकते. तुमच्या पुस्तकात दिलेल्या क्रमानंच करा अन् पुस्तक नसेल तर या गाडीची सेटिंग सर्व्हिस सेंटरवरच करून घ्या.

चौथं: पेडल, दांडा, जोड

पेडल वर येत नसेल तर लोकांना वाटते आतली स्प्रिंग गेली. बरेचदा पेडलचा पिव्होटच (पेडल ज्यावर फिरते तो खिळा) चिखलानं अन् गंजानं धरलेला असते. दांडा आर्ममधून सोडवा अन् पेडल नुसतं हलवून पाहा, तेव्हाही जड असेल तर आतलं काही खोलायची गरज नाही, पिव्होट राकेलनं धुवा, पुसा, ग्रीस भरा. राकेल किंवा डिझेल मारताना हबकडं उडू देऊ नका, ड्रममध्ये गेलं तर शू वाया गेले समजा. पडलेल्या गाडीत पेडल वाकून सायलेन्सरला किंवा फुटरेस्टला टेकते, तेही पाहा. दांड्याचे आटे, पिना, दांड्यावरची स्प्रिंग, सगळं हात लावून पाहा. पिन झिजून अंडाकृती झाली असेल तर ती बदला, अगदी स्वस्तातली वस्तू आहे अन् पेडलची बरीच पोकळ चाल तिच्यातच असते.

आता दांडा सोडवलेला असतानाच आर्म हातानं फिरवा. फिरवून सोडला की तो स्प्रिंगनं झटकन परत आला पाहिजे. हळू आला किंवा आलाच नाही तर कॅम कोरडा पडला किंवा गंजला. मग चाक काढावंच लागेल.

पाचवं: डबल स्टँडवर चाक फिरवून पाहा

गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा अन् मागचं चाक हातानं फिरवा. एकसारखी हलकी घास ऐकू आली तर ठीक. एकाच जागी अडकत असेल तर ड्रम अंडाकृती झाला किंवा चाक वाकलं. चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा, खडखड हललं तर बेअरिंग किंवा स्विंग आर्मचा (मागचं चाक धरून ठेवणारा फाटा) बुश गेला, अन् मग नवे शू टाकूनही ब्रेक नीट बसणार नाही कारण ड्रमच जागेवर राहत नाही. चार-पाच किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून हबच्या जवळ हात न्या. आधी जवळ न्या, धग लागली तर टेकवू नका, भाजते. ब्रेक न लावता हब गरम म्हणजे शू टेकून आहेत.

सहावं: चाक काढणं

इथून पुढं वेळ काढून करायचं काम आहे, संध्याकाळी लाइट जायच्या वेळी सुरू करू नका. बरोबर मापाचे रिंग पाने, पक्कड, एमरी पेपर, ब्रेकचं किंवा जास्त गरमी सोसणारं ग्रीस, जुनी सुती फडकी, बादलीत पाणी अन् नवी कॉटर पिन (नट निघू नये म्हणून आरपार घालून टोकं वाकवायची पिन). शू घेताना स्प्रिंगासकट जोडी घ्या. मोठ्या बजारात खोक्यावर कंपनीचं नाव लिहिलेले पण नकली शू सर्रास मिळतात, त्यांचं लायनर एकतर कडक असून घसरते किंवा भुगा होऊन लवकर संपते. खोक्यावर पार्ट नंबर, छापील किंमत नीट पाहा अन् पक्कं बिल मागा.

गाडी पक्क्या फरशीवर किंवा फळी टाकून तिच्यावर डबल स्टँडवर लावा, अंगणातल्या मातीत स्टँड रुतून गाडी कलंडते. पुढच्या चाकाला विटा लावा. मग ब्रेकच्या दांड्याचा नट काढा, पिन अन् स्प्रिंग दांड्यावरच परत ओवून ठेवा म्हणजे हरवत नाहीत. ब्रेक प्लेटला जो आडवा टॉर्क रॉड जोडलेला असते त्याची कॉटर पिन अन् नट काढा. मग एक्सलचा नट, अन् एक्सल ओढून घ्या. एक्सलवरचे बुश कोणत्या बाजूचे, तोंड कुठं, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्प्लेंडरच्या घडणीच्या गाड्यांत सहसा स्प्रॉकेट अन् चेन जागेवरच राहतात, चाक तेवढं बाजूला सरकवून निघते. चेनचे ॲडजस्टर उगाच हलवू नका.

ब्रेक प्लेट निघाली की आत काळी भुकटी दिसेल. तोंडानं फुंकायची नाही, पंपाच्या हवेनंही उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की जात नाही अन् आपल्या जुन्या गाडीत कोणतं लायनर बसवलं ते बाहेरून कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, नाकाला रुमाल बांधा. लेकरांना जवळ बसू देऊ नका.

शू पाहा. लायनर सगळ्यात पातळ जागी २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दोन्ही बदला. एक शू बराच झिजला अन् दुसरा तसाच असेल तर कॅम किंवा समोरची पिन (शूचं दुसरं टोक जिच्यावर टेकते ती) कोरडी आहे, तिथं थांबून नीट पाहा. लायनर चकाकत असेल पण जाडी भरपूर असेल तर एमरीनं वरची चकाकी उडवून परत वापरता येते. पण लायनर तेलकट, ओलं, काळं पडलेलं असेल तर पेट्रोलनं धुवून वापरू नका, तेल खोल मुरलेलं असते अन् गरम झालं की परत वर येते. शू टाकून द्या अन् तेल आलं कुठून ते शोधा. एकतर बेअरिंगचं सील फाटून ग्रीस येऊन राहिलं, नाहीतर कोणीतरी कॅमला ग्रीस भरभरून लावलं. कारण न शोधता नवे शू टाकले तर तेही तेलकट होतील.

मग ड्रम. आतून पुसून बोट फिरवा. बारीक रेघा चालतात, एमरीनं हलकं फिरवून घ्या. नख अडकेल अशी खाच, चीर, किंवा कडेला उंच कंगोरा झालेला असेल तर थांबा. ड्रमच्या आत जास्तीत जास्त व्यास किती चालते तो बहुतेक कोरलेला असते. स्प्लेंडरचा ड्रम मुळात १३० मिलिमीटरचा आहे, अशा ड्रममध्ये सहसा १ मिलिमीटर वाढ ही हद्द धरतात. त्याच्या पुढं गेलेल्या ड्रममध्ये नवे शू टाकले तरी कॅमला पहिल्या दिवसापासूनच जास्त फिरावं लागते, अन् तुम्ही परत तिथंच येता, नट कसत.

कॅम पूर्ण काढून साफ करा. माझ्या हाती आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडंच झालेलं असते, शू बदलणारे दहा मिनिटांत शू बदलून मोकळे होतात अन् कॅमला हातही लावत नाहीत. आर्म काढायच्या आधी त्या दोन ठिपक्यांवर खूण करून घ्या. कॅमचा दांडा अन् त्याचं भोक राकेलनं धुवून कोरडं करा, गंज एमरीनं काढा, मग दांड्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवा, कॅमच्या तोंडावर अन् समोरच्या पिनेवर अगदी थोडंसं, अन् जास्तीचं पुसून घ्या. लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नका.

बसवणं अन् पहिली धाव

दोन्ही शू स्प्रिंगांनी जोडून घ्या, मधून उभे दुमडून पिन अन् कॅमवर टेकवा अन् दोन्हीकडून खाली दाबा, खट्टकन बसतात. स्प्रिंगनं बोट चिमटते, सांभाळून. आर्म ठिपक्यावरच. चाक परत चढवताना बुश फोटोप्रमाणे.

टॉर्क रॉड विसरायचा नाही. ब्रेक लागला की ड्रम ब्रेक प्लेटला आपल्यासोबत फिरवायला पाहते अन् तिला धरून ठेवणारा फक्त हा रॉड असते. तो सुटला तर प्लेट फिरते, ब्रेकचा दांडा गुंडाळल्या जाते अन् चाक जागेवर जाम होते. नट नीट कसा अन् कॉटर पिन नवीच टाका, जुनी सरळ करून परत वाकवलेली पिन तुटते. खिळा किंवा तार तर टाकूच नका.

एक्सलचा नट शेवटी कसताना कोणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा अन् तसाच नट कसा. शू ड्रमच्या बरोबर मध्ये बसतात, चिंचिं अन् एका बाजूची झीज कमी होते. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते पाहा. मग मोकळी चाल लावा, चाक फिरवा, लाइट पाहा.

नवे शू पहिल्या दिवशी कमीच धरतात, ड्रमला अजून बसलेले नसतात. गावातल्या मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बरेचदा हलका ब्रेक लावा, एकदम करकचून नाही. पहिले काही दिवस डबल सीट नको, फवारणीचा पंप अन् खताची बॅग लादून नको, अन् चिखलदऱ्याचा घाट तर अजिबात नको, घाट उतरताना एकसारखा ब्रेक दाबून ठेवला तर बसलेलाही ड्रम तापून ढिला पडते, नव्या शूचं तर विचारूच नका. घाटात कधीही खालच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनला वेग धरू द्या, ब्रेक अधूनमधून. आठवडाभरानं मोकळी चाल परत एकदा पाहा, बसताना लायनर थोडं घासते म्हणून ती वाढलेली निघेल. त्यानंतर ती लवकर-लवकर वाढत असेल तर ड्रम किंवा कॅमकडं परत जा.

इथं हात थांबवा

ड्रमला चीर, हद्दीपेक्षा जास्त झीज किंवा खोल खाच असेल, ब्रेक प्लेटचा टॉर्क रॉडचा कान तडकलेला असेल, कॅमचा दांडा त्याच्या भोकात लटलट हलत असेल, एक्सलचे आटे गेलेले असतील, बेअरिंग हलत असेल, तर घरी काही करायचं नाही, चांगल्या मेकॅनिककडं न्या. हब लेथवर घासून देतो असं कोणी म्हटलं तर आधी व्यास मोजायला लावा, हद्दीच्या आत राहत असेल तरच घासायचं. पुढं डिस्क असेल तर तिच्या ऑइलला अन् पाइपला हात लावू नका. ऑटो, छोटा हत्ती, जीप, यांच्या ड्रममध्ये ब्रेक ऑइलवर चालणारा सिलिंडर असते, एक थेंब गळला किंवा हवा राहिली तरी पेडल बसून जाते, ते काम या पोस्टमधलं नाही. अन् वरचं सगळं नीट करूनही रिकाम्या रस्त्यावर ब्रेक धरत नसेल तर परत-परत खोलत बसू नका, ती गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

गॅरेज तालुक्याला असेल अन् गाडी चालवत नेण्यासारखी नसेल तर चाक, ब्रेक प्लेट, शू अन् एक्सल एवढंच पोत्यात बांधून एसटीनं नेलं तरी बहुतेक काम होते, फक्त बुश अन् आर्म सोबत न्यायला विसरू नका, त्याशिवाय मेकॅनिकला कॅमची चाल पाहता येत नाही.